नऊ देशांचा एक पाऊस

(बुलढाणा येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होते, त्यांना शेतीच्या प्रश्नावर नुसती हळहळ मान्य नव्हती. आधी माहिती गोळा करा, मग बोला, असा त्यांचा आग्रह असे. तो आग्रह पाळूनच मी आजचा विषय निवडला आहे. अनेक देश मिळून काही तज्ज्ञ सार्वजनिक संस्था चालवतात. या संस्थांच्या हाती सत्ता नसते, कुणाला हुकूम सोडण्याचा अधिकार नसतो. तरीही देशोदेशीची सरकारे धोरण ठरवताना त्यांच्या शब्दावर विसंबतात. हे कसे घडते आणि बुलढाणा जिल्ह्यातल्या माणसाला त्याचा काय उपयोग, हे मला मांडायचे आहे. उदाहरणासाठी मी पाऊस घेतो. आपल्या सोयाबीनचे, कपाशीचे, तुरीचे आणि कर्जाचेही गणित शेवटी पावसापाशी येऊन थांबते.

भेंडवळ आणि पुणे

अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला गावाबाहेरच्या शेतात घट मांडला जातो. चंद्रभान महाराज वाघ यांनी काही शतकांपूर्वी ही परंपरा सुरू केली, असे सांगतात. गोलाकार घटात अठरा प्रकारची धान्ये ठेवतात. मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे, त्यांवर पाण्याने भरलेली घागर, घागरीवर पापड, कुरडई, वडे, करंजी, आणि राजाचा म्हणून पानाचा विडा. रात्रभर तिकडे कुणी फिरकत नाही. पहाटे कोणते धान्य आत सरकले, कोणते बाहेर गेले, कोणते ढेकूळ किती भिजले, हे पाहून वर्षाचे भाकीत सांगितले जाते. ते ऐकायला हजारो शेतकरी येतात आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत त्याची बातमी पहिल्या पानावर असते. अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम करणाऱ्यांनी या भाकितांच्या खरेपणावर वेळोवेळी प्रश्न विचारले आहेत, आणि ते विचारलेच पाहिजेत. पण तिथे जमणारा माणूस ज्या काळजीने येतो, ती काळजी खरी आहे. ‘यंदा पाणी कसं राहीन?’ हा त्याचा प्रश्न आहे. बियाणे कोणते घ्यायचे, किती घ्यायचे, उसनवारी करायची की नाही, हे सगळे त्या उत्तरावर ठरते.

जवळजवळ त्याच दिवसांत, एप्रिलच्या उत्तरार्धात, दुसरीकडे हाच प्रश्न घेऊन नऊ देशांची माणसे एकत्र बसतात. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, भूतान, श्रीलंका, मालदीव, म्यानमार आणि अफगाणिस्तान यांच्या हवामान खात्यांचे ते शास्त्रज्ञ असतात. त्यांच्या या बैठकीला दक्षिण आशियाई हवामान अंदाज मंच म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘सॅस्कॉफ’. पहिली बैठक एप्रिल २०१० मध्ये पुण्यात भरली. पुढे कधी काठमांडू, कधी ढाका, कोलंबो, थिंफू, आणि कोरोनाच्या वर्षी ऑनलाइन, अशी ती भरत आली. तिथून दरवर्षी येत्या नैर्ऋत्य मोसमी पावसाविषयी नऊ देशांचे मिळून एकच निवेदन आणि एकच नकाशा प्रसिद्ध होतो.

भेंडवळच्या बातमीला जिल्ह्यात जेवढे वाचक मिळतात, तेवढे या नकाशाला मिळत नाहीत. असे का, याचे उत्तर मी शेवटी देणार आहे.

एकाचा खंड, दुसऱ्याचा पूर

नऊ देशांनी एकत्र का बसायचे? प्रत्येकाने आपापले आभाळ पाहिले तर काय बिघडले?

जुलै २०२३ आठवा. त्या महिन्यात संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत असा पाऊस कोसळला की नदीनाल्यांकाठची पिके गेलीच, पण शेतातली मातीसुद्धा खरवडून गेली. आणि त्यानंतर आला ऑगस्ट. देशाच्या नोंदींत १९०१ पासूनचा तो सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. सरासरीपेक्षा ३६ टक्के पाऊस कमी. वाहून गेलेल्या शेताशेजारचे शेत फुलोऱ्याच्या वेळी पाण्याविना माना टाकू लागले. त्याच ऑगस्टमध्ये हिमाचल प्रदेशात मात्र डोंगर कोसळत होते, घरे वाहून जात होती.

या दोन गोष्टी एकमेकींना बांधलेल्या आहेत. मध्य भारतावर कमी दाबाचा जो लांबट पट्टा असतो, तो सरकून हिमालयाच्या पायथ्याशी गेला की आपल्याकडे पावसाचा खंड पडतो आणि नेपाळची तराई, हिमालयाची उतरण, ईशान्येकडचा प्रदेश इथे पाऊस धो धो कोसळतो. म्हणजे आपण आभाळाकडे डोळे लावून बसलेले असतो, तेव्हा काठमांडूचे सरकार पुराच्या तयारीत असते. आपल्या शास्त्रज्ञाला खंडाची चाहूल लागली, तर तीच नेपाळसाठी पुराची सूचना असते.

२०२२ चे उदाहरण घ्या. त्या वर्षी बंगालच्या उपसागरात तयार झालेली कमी दाबाची क्षेत्रे एकामागून एक मध्य भारत ओलांडून पश्चिमेला गेली. आपल्या विदर्भाला त्यांनी भिजवले आणि त्यांतली काही पुढे थेट सिंधपर्यंत पोहोचली. पाकिस्तानात त्या पुरात १,७०० हून अधिक माणसे मेली, सव्वातीन कोटींच्या आसपास लोकांना त्याचा फटका बसला, सिंधमधली कपाशी पाण्याखाली गेली. ढगांनी वाटेत कुणाचा पासपोर्ट पाहिला नाही.

पावसाचे हे नाते बाजारातही उतरते. म्यानमारमध्ये तूर आणि उडीद पिकतात ते मुख्यतः भारतात विकण्यासाठी. तिकडे पाऊस कसा होणार, यावर आपल्या देशात किती डाळ येणार हे काही अंशी ठरते. आणि ती किती येणार, यावर खामगाव किंवा मेहकरच्या बाजार समितीत आपल्या तुरीला काय भाव मिळणार, हे ठरते. यांगूनच्या हवामान खात्याचा अंदाज बुलढाण्याच्या शेतकऱ्याने वाचावा अशी वेळ आज खरोखर आलेली आहे.

सकाळचे साडेआठ

ही व्यवस्था एका दिवसात उभी राहिलेली नाही. १८६४ मध्ये कलकत्त्यावर चक्रीवादळ आदळले, त्यानंतर दोनच वर्षांनी पाऊस दगा देऊन गेला, ओडिशात भयंकर दुष्काळ पडला. या आघातांतून १८७५ मध्ये भारतीय हवामान खाते जन्माला आले. हेन्री ब्लॅनफर्ड त्याचे पहिले प्रमुख. हिमालयातल्या बर्फाचा आणि मोसमी पावसाचा संबंध त्यांनी ताडला, आणि १८८६ पासून पावसाळ्याचा अंदाज नियमित प्रसिद्ध होऊ लागला. तो अगदी आरंभापासून भारत आणि ब्रह्मदेश या दोन्ही प्रदेशांसाठी होता.

पुढे १८९९-१९०० च्या दुष्काळात वऱ्हाड होरपळून निघाले. त्यानंतर १९०४ मध्ये गिल्बर्ट वॉकर खात्याचे प्रमुख झाले. मूळचे ते गणिती. आपल्या पावसाचे कोडे आपल्या आभाळात सुटत नाही, हे त्यांना उमगले. त्यांनी जगभरच्या नोंदी मागवल्या आणि ऑस्ट्रेलियापासून दक्षिण अमेरिकेपर्यंतच्या हवेच्या दाबाचे आकडे ताडून पाहिले. प्रशांत महासागराच्या एका टोकाला दाब चढतो तेव्हा दुसऱ्या टोकाला उतरतो, हे त्या आकडेमोडीतून निघाले. आज आपण एल निनोची, म्हणजे प्रशांत महासागराचे पाणी तापण्याची, जी चर्चा करतो, तिचा अर्धा पाया तिथे घातला गेला. वऱ्हाडातला दुष्काळ समजून घ्यायला पेरूच्या किनाऱ्यावरची नोंद लागते, हा त्या कामाचा धडा होता. १९२८ मध्ये खात्याचे मुख्यालय शिमल्याहून पुण्याला आले. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर आजही ‘सिमला ऑफिस’च म्हणतात. मुख्यालय पुढे दिल्लीला गेले, पण हवामानाच्या दीर्घकालीन अंदाजाचे काम पुण्यात राहिले. अण्णा मणी यांनी हवामान मोजण्याची उपकरणे देशातच घडवण्याचे आणि त्यांचे प्रमाणीकरण करण्याचे मोठे काम याच पुण्यात केले. १९६२ मध्ये भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थाही तिथेच स्थापन झाली.

देशोदेशीच्या हवामान खात्यांनी १८७३ मध्येच व्हिएन्नात एकत्र येऊन आंतरराष्ट्रीय संघटनेचा पाया घातला होता. तिचीच पुढे १९५० मध्ये जागतिक हवामान संघटना झाली आणि लगेचच ती संयुक्त राष्ट्रांशी जोडली गेली. या संघटनेने काय केले, ते मी एका छोट्या गोष्टीतून सांगतो.

रोज सकाळी साडेआठला वेधशाळेतला निरीक्षक पर्जन्यमापकापाशी जातो, जमलेले पाणी मोजतो, तापमान आणि दाब टिपतो. त्याच क्षणी कराचीच्या घड्याळात आठ वाजलेले असतात, काठमांडूत पावणेनऊ, ढाक्यात आणि थिंफूत नऊ, यांगूनमध्ये साडेनऊ, काबूलमध्ये साडेसात. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी त्याच क्षणी तीच नोंद करत असतो. ग्रिनिच वेळेचे तीन, ही सगळ्यांनी मान्य केलेली घडी. उपकरण कसे असावे, ते जमिनीपासून किती उंच असावे, नोंद कोणत्या सांकेतिक लिपीत पाठवावी, हेही ठरलेले. म्हणून त्या नोंदी एका नकाशावर शेजारी शेजारी ठेवता येतात. धोरणाला आधार देणाऱ्या संस्थेचे पहिले काम हेच असते: सगळ्यांनी एकाच मापाने मोजावे, याची व्यवस्था लावणे. माप एक नसेल तर चर्चा होत नाही, नुसता वाद होतो.

हवामानाच्या नोंदी एकमेकांना मोफत आणि मोकळेपणाने द्याव्यात, असा ठरावही जागतिक हवामान संघटनेने १९९५ मध्ये केला. त्याच वर्षी दक्षिण आशियाई देशांच्या सार्क या संघटनेचे हवामान संशोधन केंद्र ढाक्यात सुरू झाले होते. पुढे ते बंद झाले. सार्कची शिखर परिषद तर २०१४ मध्ये काठमांडूत भरली, त्यानंतर भरलेलीच नाही. पण त्या पडत्या काळातही हवामान शास्त्रज्ञांचा हा मंच वर्षामागून वर्ष भरत राहिला. जिथे राजकीय नेते एका टेबलाशी बसू शकत नव्हते, तिथे त्यांचे शास्त्रज्ञ बसत होते. याचे कारण मला असे दिसते की या मंचाने आपले काम मर्यादित ठेवले. सीमा कुठली, पाणी कुणाचे, हे तो ठरवत नाही. पाऊस किती पडण्याची शक्यता आहे, एवढेच तो सांगतो. आपली मर्यादा ओळखणारी संस्था टिकते.

नकाशा कसा तयार होतो

आता त्या बैठकीत जरा आत डोकावू. मुख्य बैठकीआधी प्रशिक्षण असते. प्रत्येक देशाचे शास्त्रज्ञ आपापल्या देशाच्या जुन्या नोंदी घेऊन येतात आणि त्यांवरून आपल्या देशाचा अंदाज स्वतःच बांधतात. भूतानसारख्या लहान देशाला मोठा महासंगणक परवडत नाही. पण टोकियो, एक्झेटर, वॉशिंग्टन किंवा युरोपातल्या केंद्रांनी चालवलेल्या संगणकीय प्रतिमानांचे, म्हणजे मॉडेलांचे, निकाल त्याला इथे हाताळायला मिळतात. मग चर्चा सुरू होते. प्रशांत महासागराचे पाणी किती तापले आहे? हिंदी महासागराच्या पश्चिम आणि पूर्व भागांत तापमानाचा फरक किती? हिवाळ्यात उत्तर गोलार्धात बर्फ किती पसरले होते? कोणते प्रतिमान कोणत्या प्रदेशात वारंवार चुकते?

सगळ्यांचे एकमत होईल असा नकाशा चौकटी चौकटींनी रंगवला जातो. प्रत्येक चौकटीसाठी तीन शक्यता मांडतात: सरासरीपेक्षा कमी, सरासरीइतका, सरासरीपेक्षा जास्त. काहीच माहिती नसेल तर तिन्हींना समान, म्हणजे ३३ टक्के. माहितीच्या जोरावर एखाद्या चौकटीत जास्त पावसाची शक्यता ५० टक्क्यांवर जाते, कुठे कमी पावसाची ४० वर. नकाशासोबत असेही स्पष्ट लिहिलेले असते की हे चित्र ढोबळ आहे, आपल्या भागाचा तपशील आपल्या देशाच्या हवामान खात्याकडून घ्या. त्यानंतर शेती, पाटबंधारे, आरोग्य, आपत्ती व्यवस्थापन या क्षेत्रांतल्या लोकांशी स्वतंत्र संवाद होतो: या अंदाजाचे तुम्ही काय कराल, तुम्हाला आणखी काय हवे?

अशा संस्था जगात इतरत्रही आहेत. पश्चिम आफ्रिकेत १९६८ पासून सलग दुष्काळ पडला, तेव्हा साहेल प्रदेशातल्या देशांनी एकत्र येऊन १९७४ मध्ये नायजर देशातल्या नियामे शहरात ‘अॅग्रीमेट’ केंद्र काढले. तिथले पाऊसपाणी, पीक आणि चारा यांच्या नोंदींवरून त्या देशांना टंचाईची आगाऊ सूचना मिळते. युरोपातल्या देशांनी १९७५ मध्ये मध्यम पल्ल्याच्या हवामान अंदाजासाठी एक सामाईक केंद्र स्थापले आणि १९७९ पासून त्याचे अंदाज नियमित सुरू झाले. जो खर्च एकट्याला झेपला नसता, तो वाटून घेतला, आणि आज जगात सर्वांत भरवशाच्या अंदाजांत त्या केंद्राचे नाव घेतले जाते.

आगाऊ माहितीचे सरकारने काय करावे

अशा संस्थेचा उपयोग सर्वांत ठळक दिसतो तो चक्रीवादळात. नोव्हेंबर १९७० मध्ये भोला चक्रीवादळाने तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात तीन लाखांहून अधिक माणसे गिळली. त्यानंतर १९७२ मध्ये या भागातल्या देशांची चक्रीवादळविषयक समिती स्थापन झाली आणि १९८८ पासून भारतीय हवामान खात्याचे दिल्लीतले केंद्र उत्तर हिंदी महासागराच्या काठच्या देशांना वादळाच्या सूचना देऊ लागले. आज या समितीत इराणपासून थायलंडपर्यंत तेरा देश आहेत. वादळांना नावे देतात तीही याच देशांनी सुचवलेली. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आलेल्या वादळाचे ‘निसर्ग’ हे नाव बांगलादेशाचे होते. १९९९ च्या महाचक्रीवादळात ओडिशात दहा हजारांच्या आसपास माणसे मेली. २०१९ मध्ये ‘फणी’ आले, तेव्हा दहा लाखांहून अधिक लोकांना आधीच हलवले गेले आणि भारत, बांगलादेश मिळून मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. नुसत्या अंदाजाने हे झाले नाही. निवारे बांधलेले होते, ग्रामपंचायतीपर्यंत साखळी होती, सूचना आली की कोण काय करणार हे ठरलेले होते. संस्थेने वेळ मिळवून दिला, सरकारने त्या वेळेचे सोने केले.

पावसाच्या हंगामी अंदाजात हे इतके सोपे नाही. १९९७ मध्ये प्रशांत महासागरात अतिशय प्रबळ एल निनो होता. आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या देशांच्या मंचाने कमी पावसाची शक्यता जास्त आहे, असे सांगितले. झिंबाब्वेमध्ये ‘शक्यता’ हा शब्द वाटेत गळाला आणि दुष्काळ पडणारच, असे सगळीकडे झाले. बँकांनी हात आखडता घेतला, लहान शेतकऱ्यांना कर्ज मिळाले नाही, पेरणीचे क्षेत्र घटले. प्रत्यक्षात बऱ्याच भागांत पाऊस बरा झाला. ज्याने पेरलेच नाही त्याला तो पाऊस काय कामाचा? त्याच वर्षी भारतातही दुष्काळाची धास्ती होती, आणि पाऊस सरासरीच्या १०२ टक्के झाला. पीककर्जासाठी जिवाचे रान करणाऱ्या आपल्या जिल्ह्याने झिंबाब्वेची ही हकीकत जपून ठेवली पाहिजे. अंदाजाच्या आधारे कुणाचे कर्ज अडवायचे नसते. कोणत्या पिकाला, कोणत्या विम्याला, कोणत्या जास्तीच्या तयारीला हात द्यायचा, हे ठरवायचे असते.

पुण्यात जन्मलेल्या सुलोचना गाडगीळ यांनी मोसमी पावसाच्या अभ्यासात आयुष्य घालवले. त्यांनी आणि सिद्धार्थ गाडगीळ यांनी २००६ मध्ये दाखवून दिले की तीव्र दुष्काळ देशाच्या एकूण उत्पन्नाला दोन ते पाच टक्क्यांचा फटका देतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, वाईट वर्षात जेवढे जाते तेवढे चांगल्या वर्षात भरून येत नाही. कारण चांगल्या वर्षाचा फायदा घ्यायला खत, बियाणे, मशागत यांत आधी पैसा घालावा लागतो, आणि पावसाची खात्री नसलेला कोरडवाहू शेतकरी तो घालायला धजत नाही. यातून धोरणासाठी सरळ अर्थ निघतो: अंदाज दुष्काळापासून वाचण्यासाठी जितका हवा, तितकाच चांगल्या वर्षाचे चीज करण्यासाठी हवा. आपण फक्त पहिल्याच कामासाठी त्याच्याकडे पाहतो.

चुकीचा हिशेब

मग अंदाज चुकतो त्याचे काय? हा प्रश्न गावोगाव विचारला जातो आणि तो रास्त आहे.

१९८८ मध्ये वसंत गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोळा घटकांवर आधारलेले प्रतिमान तयार केले. अनेक वर्षे ते चालले. २००२ मध्ये ते कोलमडले: अंदाज जवळपास सरासरी पावसाचा होता, प्रत्यक्षात पाऊस सरासरीच्या ८१ टक्के झाला, जुलै महिना तर अर्धा कोरडा गेला. खात्याने काय केले? ती चूक आकड्यांत मांडली, २००३ मध्ये प्रतिमान बदलले, २००७ मध्ये पुन्हा बदलले, २०१२ पासून ‘मॉन्सून मिशन’खाली समुद्र आणि वातावरण यांचा एकत्र विचार करणाऱ्या संगणकीय प्रतिमानावर काम सुरू केले, आणि २०२१ पासून अनेक प्रतिमानांचा मिळून अंदाज दिला जातो. एप्रिल २०२३ मध्ये खात्याचा अंदाज सरासरीच्या ९६ टक्के होता, पाच टक्के मागेपुढे धरून. प्रत्यक्षात ९४ टक्के झाला.

भाकीत आणि अंदाज यांतला फरक इथे आहे. जो आपली चूक लिहून ठेवतो, ती जाहीर करतो आणि तिच्यापासून शिकतो, तो पुढच्या वर्षी थोडा अधिक भरवशाचा होतो. सार्वजनिक संस्थेचा अधिकार यातूनच येतो. नऊ देशांची सरकारे एका नकाशावर विश्वास ठेवतात, कारण तो नकाशा मागे कुठे खरा ठरला आणि कुठे फसला, हे तपासता येते.

पण याच ९४ टक्क्यांत आपली अडचणही दडलेली आहे. देशाचा आकडा बरोबर आला, त्याच वर्षी संग्रामपुरात माती वाहून गेली आणि पुढच्या महिन्यात जिल्ह्याच्या घाटावरच्या भागात सोयाबीन वाळले. देशाची सरासरी बुलढाण्याच्या शेतात पडत नाही.

साखळीचा शेवटचा दुवा

म्हणून आता घरच्या गोष्टीकडे येतो. जागतिक हवामान संघटनेचे जिनिव्हा, मग पुणे, नागपूर, अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, इथपर्यंत अंदाजाची साखळी पोहोचली आहे. महसूल मंडळांत स्वयंचलित पर्जन्यमापक बसले आहेत. चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला की मंडळात अतिवृष्टी धरली जाते. २०२४ च्या खरिपापर्यंत सलग २१ दिवस खंड पडला की पीकविम्याच्या आगाऊ भरपाईचा प्रश्न उभा राहत असे. म्हणजे शेतकऱ्याचा हक्क मिलिमीटरवर ठरतो. आणि मंडळाच्या गावी ६० पडला, पण चार कोसांवरच्या शिवारात ढगफुटी झाली, तर त्या शिवाराची नोंदच नसते. मोजमाप हा तिथे न्यायाचा प्रश्न होतो.

२०१८ पासून कृषी विज्ञान केंद्रांमध्ये जिल्हा कृषी हवामान केंद्रे सुरू झाली होती. आठवड्यातून दोनदा तालुकानिहाय सल्ला निघत असे: फवारणी दोन दिवस थांबवा, वाफसा येईपर्यंत पेरणी करू नका, काढलेला हरभरा झाकून ठेवा. २०२४ च्या सुरुवातीला देशभरातली अशी १९९ केंद्रे बंद करण्यात आली. माझे स्पष्ट मत आहे की नऊ देशांना पुरणारी व्यवस्था उभी करायची आणि तिचे बोलणे शेतकऱ्याच्या भाषेत सांगणारा माणूसच काढून घ्यायचा, ही काटकसर महागात पडते. ज्याला दुबार पेरणी करावी लागली, त्याला विचारा दोन दिवसांच्या आगाऊ सूचनेची किंमत.

आता सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर. भेंडवळला माणसे का जातात? कारण तिथे दिवस ठरलेला आहे, जागा उघडी आहे, कुणालाही येता येते, आणि जूनमध्ये काय, जुलैमध्ये काय, कोणते पीक साधेल, रोगराई कशी राहील, हे सगळे एका जागी, कळेल अशा बोलीत सांगितले जाते. विज्ञानाने यातले काहीच उसने घ्यायचे नाही असे थोडेच आहे? घट विज्ञानाने मांडू नये. पण मांडणीची ही रीत जरूर घ्यावी.

माझ्या चार मागण्या आहेत, आणि त्या या जिल्ह्यात या वर्षी पुऱ्या होण्यासारख्या आहेत.

पहिली: मे महिन्याच्या अखेरीस, सुधारित अंदाज आला की ठरलेल्या एका दिवशी जिल्ह्याची जाहीर पाऊससभा भरावी. हवामान खाते, कृषी विद्यापीठ, पाटबंधारे, बँका, विमा कंपन्या आणि बाजार समित्या यांनी शेतकऱ्यांसमोर बसावे. घाटावर आणि घाटाखाली ती स्वतंत्र व्हावी, कारण घाटाखालच्या खारपाणपट्ट्यातली जमीन आणि घाटावरच्या चिखली-मेहकरची जमीन एकाच सल्ल्याने चालत नाही.

दुसरी: अंदाज शक्यतेच्याच भाषेत सांगावा. अशी स्थिती असलेल्या दहा वर्षांपैकी पाच वर्षे पाऊस चांगला होतो, तीन वर्षे मध्यम, दोन वर्षे कमी, असे सांगितले तर आपल्या शेतकऱ्याला ते पुरते कळते. तो जन्मभर शक्यतेवरच शेती करत आला आहे.

तिसरी: त्याच सभेत मागच्या वर्षीचा अंदाज आणि प्रत्यक्ष पाऊस मंडळनिहाय शेजारी शेजारी वाचून दाखवावा. खरा ठरला तिथेही, चुकला तिथेही.

चौथी: रोजच्या पावसाचा आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिला जावा, आणि शाळांनी गावात साधे पर्जन्यमापक लावून त्याची वही ठेवावी. ही वही सरकारी नोंदीची जागा घेणार नाही, पण मंडळाचा आकडा आणि शिवारातला पाऊस यांत तफावत असेल तर ती दाखवून देईल. विद्यार्थी मित्रांनो, हे काम तुमचे आहे. पाच वर्षांची अशी वही हातात असलेले गाव सरकारी कचेरीत हात जोडून उभे राहत नाही; ते पुराव्यानिशी बोलते.

नऊ देशांच्या शास्त्रज्ञांनी, वैर आणि अविश्वास बाजूला ठेवून, एकच माप मान्य केले आणि एका नकाशावर एकमत केले. तेरा तालुक्यांच्या एका जिल्ह्याला तेवढे करणे अशक्य आहे, असे मी मानत नाही. या सभागृहात शिक्षक आहेत, सरपंच आहेत, बँकेतले आणि कृषी खात्यातले लोक आहेत. पहिल्या पाऊससभेची तारीख तुम्हीच ठरवा आणि मला श्रोता म्हणून बोलवा, मी येईन.